पार्श्वभूमी : ईसीएम ‘शिकतो’ म्हणजे काय करतो?

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत एक वाद रोज झडतो. अ‍ॅव्हरेज पडलं, सकाळी गाडी लवकर चालू होत नाही, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येतं. एक मिस्त्री म्हणतो, ‘काही होत नाही, ईसीएम शिकून घेतो.’ (ईसीएम म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारं इलेक्ट्रॉनिक खोकं.) दुसरा म्हणतो, ‘बॅटरीनी वायर काढी टाक, समदं इसरी जाई.’ शिकलेलं चांगलं असेल तर विसरायला का लावायचं? घोळ ‘शिकणे’ या शब्दातच आहे आणि तो चांगला चाळीस वर्षं जुना आहे.

त्याआधीचं थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा, १९५७-५८ मध्ये अमेरिकेत आलं आणि फसलं. १९६७ मध्ये जर्मनीत टिकण्याजोगं झालं. पण ते खोकं नुसता ठरलेला तक्ता वाचायचं. आपण ओतलेलं पेट्रोल बरोबर होतं की चूक, हे कळायला त्याच्याकडे साधनच नव्हतं. १९७६ मध्ये एका स्वीडिश मोटारीच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसला, तेव्हा ते कळू लागलं. तापल्यावर हा सेन्सर पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, कमी असेल तर ०.१. किती चुकलं ते सांगत नाही, कुठल्या बाजूला चुकलं तेवढंच सांगतो. म्हणून इंजिन सतत थोडं इकडे, थोडं तिकडे करत मधली रेघ धरून चालतं.

याला ‘अ‍ॅडाप्टिव्ह’, म्हणजे परिस्थितीप्रमाणे स्वतःला बदलणारं, म्हणायचं का? कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी म्हटलं, पाठ्यपुस्तकांनी ‘अनुकूली नियंत्रण’ हा जड शब्द दिला, गॅरेजात ‘लर्निंग’ झालं. तिन्हींनी वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. शहाद्याहून तोरणमाळला चढताना हवेचा दाब दहा-बारा टक्क्यांनी उतरतो आणि गाडी पेट्रोल तेवढं कमी करते. हे शिकणं नव्हे. दाबाचा सेन्सर दाब सांगतो, आणि त्यावर काय करायचं ते तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं. भुसावळच्या मे महिन्यात तापलेली हवा विरळ होते, तिचंही तसंच. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून क्षणाक्षणाला केलेली दुरुस्ती हेही शिकणं नाही. ती चूक निस्तरणं झालं.

शिकणं सुरू झालं ते ऐंशीच्या दशकात, चूक लक्षात ठेवायची सोय झाली तेव्हा. दाणाबाजारातल्या मुनिमाला हे एका वाक्यात कळेल : रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेवार वही). क्षणोक्षणीची दुरुस्ती रोजकीर्दीत पडते. तीच दुरुस्ती त्याच बाजूला पुन्हा पुन्हा दिसू लागली की ईसीएम ती खतावणीत, म्हणजे लाँग टर्म ट्रिममध्ये, टाकतो आणि रोजकीर्द पुन्हा शून्याजवळ येते. खाती अनेक असतात : इंजिनाच्या गतीप्रमाणे, ओझ्याप्रमाणे. जुन्या गाड्यांत ही वही बॅटरीच्या करंटवरच जिवंत राहायची. वायर काढून ‘रीसेट’ करायची चाल तिथून आली. आताच्या बऱ्याच गाड्यांत वायर काढून वही कोरी होत नाही. त्यासाठी स्कॅनर, म्हणजे ईसीएमशी बोलणारं यंत्र, लावावा लागतो.

वही कोरी करणं म्हणजे इलाज नव्हे, हे मी पैसे मोजून शिकलो. गाडी उभी राहिली की माझ्या इंजिनाची रेस आपोआप खाली-वर व्हायची. एका गॅरेजात दोनदा रीसेट केलं, दोन्ही वेळा आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या ठिकाणी म्हाताऱ्या मिस्त्रीने स्कॅनर लावून नुसता आकडा पाहिला. गाडी उभी असताना +१८, म्हणजे तक्त्यापेक्षा अठरा टक्के जास्त पेट्रोल; रस्त्यावर साठच्या वेगात +६. ‘हवा चोरून शिरतेय,’ म्हणाला. गळती तेवढीच असते, पण उभ्या गाडीत इंजिन मुळात हवा कमी ओढतं म्हणून तिथे ती मोठी दिसते. व्हॅक्यूमच्या नळीला नखाएवढी चीर होती. रीसेट करणाऱ्याने दोन्ही वेळा पुरावाच पुसला होता.

आपल्याकडे हे सगळं टप्प्याटप्प्याने आलं. २००० च्या सुमारास छोट्या मोटारींच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंजेक्शन) झळकू लागलं. २००६-०७ मध्ये इंजेक्शनच्या एक-दोन मोटारसायकली आल्या, पण ‘खेड्यात दुरुस्त कोण करणार’ या एका प्रश्नापुढे त्या फार चालल्या नाहीत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक निकष लागू झाले आणि एखाद-दुसरा अपवाद सोडला तर दुचाकीचा कार्बोरेटर शोरूममधून गेला.

मग ई-२०. वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. हिशेब असा : एक किलो निव्वळ पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला १४.१ च्या आसपास, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे ई-१० वर बसलेल्या गाडीला चारेक टक्के इंधन जास्त सोडावं लागतं. ईसीएमची दुरुस्तीची मुभा बहुधा वीस-पंचवीस टक्क्यांची असते, तेव्हा हे त्याला सहज पेलतं. ब्राझीलमध्ये २००३ पासूनच्या गाड्या वेगळा सेन्सर न लावता याच खतावणीवरून टाकीत इथेनॉल किती ते ओळखतात. ‘ईसीएम शिकून घेतो’ हे इथवर खरं. पण तो शिकतो ते जास्त ओतायला. अ‍ॅव्हरेज तो कुठून आणणार? आणि इथेनॉलने खराब होणारा जुन्या गाडीचा रबरी पाइप काही शिकत नाही. पंपावर जुन्या गाड्यांसाठी ई-१० ची वेगळी नळी ठेवली असती तर हा वाद निम्मा झाला असता, असं माझं मत आहे.

उलट बाजूही आहे. माझ्यासारखी +१८ वर गेलेली गाडी ई-२० वर आली की आकडा २२ ला टेकतो, काही गाड्यांत इंजिनाचा इशारा-दिवा लागतो, स्कॅनर पी-०१७१ (पेट्रोल कमी पडतंय असा कोड) दाखवतो आणि शिव्या इथेनॉलला बसतात. चीर मात्र नळीत असते.

रावेर-यावलच्या केळीच्या बांधांवर अजून कार्बोरेटरच्या गाड्या धावतात. त्यांच्याकडे रोजकीर्दही नाही, खतावणीही नाही. तिथे मिस्त्री प्लग काढतो, विटकरी रंगाऐवजी पांढरट दिसला की मेन जेट (पेट्रोल येण्याचं छिद्र) एक नंबर मोठा टाकतो आणि बांधापर्यंत एक चक्कर मारून यायला सांगतो.