३० जून २०२४ च्या आधीची वीस वर्षे

"साइट चालू आहे ना जी, मग काऊन बदलाचं?" नागपूरच्या इतवारीतल्या साड्यांच्या एका जुन्या दुकानाच्या मालकांनी मला २०२४ च्या मे महिन्यात हा प्रश्न विचारला. त्यांची साइट ज्या सर्व्हरवर होती तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे, पण देखभाल आमच्या धरमपेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून होते. सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि ३० जूनला तिचा सपोर्ट संपणार होता. फोनवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. नीट उत्तर द्यायचे तर वीस वर्षे मागे जावे लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. १ जुलैच्या सकाळी जगातले सगळे सेंटओएस ७ सर्व्हर ३० जूनसारखेच चालत होते. थांबले होते ते माणसांचे काम. एखाद्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचे भोक सापडले की नव्या आवृत्तीतली दुरुस्ती काढून ती जुन्या आवृत्तीत बसवायची, तपासायची आणि सगळ्यांना पोचवायची, हे काम कोणीतरी रोज करत असते. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. सेंटओएस ७ वर अपाचेचा, म्हणजे साइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आवृत्तीचा आकडा दहा वर्षे २.४.६ आणि कर्नलचा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचा, ३.१० असाच दिसायचा. नवखा माणूस तो पाहून घाबरायचा, पण आतला माल वेळोवेळी दुरुस्त होत होता. ३० जूननंतरही आकडा तोच दिसतो. फरक एवढाच की आता तो खरोखर जुना आहे, आणि बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. इतवारीच्या मालकांना तो दिसला नाही, यात त्यांची काही चूक नव्हती.

ही दुरुस्ती करणारे लोक कोण होते आणि ते फुकट का करत होते, इथून खरी गोष्ट सुरू होते.

रेड हॅट कंपनीचे लिनक्स पूर्वी कोणालाही मोफत मिळायचे. २००३ मध्ये आलेले रेड हॅट लिनक्स ९ हे त्या मालिकेतले शेवटचे, आणि ३० एप्रिल २००४ ला त्याचा सपोर्ट संपला. पुढे कंपनीने दोन वाटा केल्या. हौशी आणि प्रयोग करणाऱ्यांसाठी फेडोरा, आणि धंद्यासाठी पैसे भरून घ्यायचे एंटरप्राइझ लिनक्स. पण लिनक्सचा परवानाच असा आहे की ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचे मूळ लिखाण, हेही द्यावे लागते. रेड हॅटने तर आपला सोर्स सगळ्यांसाठीच खुला ठेवला होता. काही स्वयंसेवकांनी तो घेतला, त्यातली रेड हॅटची नावे आणि चिन्हे काढली, पुन्हा बांधला आणि २००४ मध्ये सेंटओएस म्हणून वाटायला सुरुवात केली. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते आपल्या पानांवर रेड हॅटचे नावही घेत नसत, 'उत्तर अमेरिकेतील एक नामांकित एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता' असा उल्लेख करत.

लोकांच्या साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्यांना हे वरदान वाटले, आणि ते होतेही. ग्राहकांची खाती सांभाळायची सीपॅनेलसारखी कंट्रोल पॅनेले यावर उत्तम चालायची. नागपुरात शाळा, कोचिंग क्लास, संत्र्याचे व्यापारी, बर्डीतली दुकाने यांना वर्षाला थोड्या रकमेत वेबसाइट देणारी जी दोन-तीन माणसांची ऑफिसे उभी राहिली, त्यांच्या गणितात ऑपरेटिंग सिस्टीमच्या खर्चाचा रकानाच नव्हता. आमच्याही नव्हता.

या व्यवस्थेचा पाया किती बारीक होता, हे २००९ मध्ये एकदा दिसले होते. जुलैमध्ये सेंटओएसच्या विकासकांनी आपलेच एक संस्थापक लान्स डेव्हिस यांना उद्देशून जाहीर पत्र लिहिले. प्रकल्पाचे डोमेन आणि देणग्यांचे पैसे त्यांच्या ताब्यात होते आणि ते कोणाच्या संपर्कात येत नव्हते. काही दिवसांत तोडगा निघाला, पण जगभरचे असंख्य सर्व्हर ज्यावर उभे होते त्याच्या किल्ल्या एका माणसाच्या खिशात होत्या, हे सगळ्यांना कळले. पुढे रेड हॅटची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली आणि सेंटओएस ६ यायला जुलै २०११ उजाडला. मधले आठ महिने लोक नुसते वाट पाहत होते.

२०१२ मध्ये रेड हॅटने आपल्या ५ आणि ६ या आवृत्त्यांचे आयुष्य सात वर्षांवरून दहा केले आणि सेंटओएसलाही आपोआप दहा वर्षे मिळाली. २०१४ च्या जानेवारीत रेड हॅटने सेंटओएस प्रकल्पच आपल्या पंखाखाली घेतला. आता काळजी मिटली, असे आम्हाला तेव्हा मनापासून वाटले होते. त्याच वर्षी जुलैत सेंटओएस ७ आले. २०१९ च्या जुलैमध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट विकत घेतली, आणि सप्टेंबरमध्ये सेंटओएस ८ आले. त्याची मुदत मे २०२९ पर्यंत जाहीर होती.

आणि मग २०२० चा शेवट. माझ्या मते आजची सगळी टाळाटाळ त्या आठ दिवसांत जन्माला आली. ३० नोव्हेंबर २०२० ला सेंटओएस ६ चा सपोर्ट संपला. जे शिस्तीचे होते त्यांनी त्याआधीच जागरणे करून आपले सर्व्हर थेट ८ वर नेले होते, कारण २०२९ पर्यंत पुन्हा बघायला नको. ८ डिसेंबरला घोषणा झाली की सेंटओएस ८ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल, आणि पुढे फक्त सेंटओएस स्ट्रीम राहील. स्ट्रीम म्हणजे रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीच्या एक पाऊल आधी चालणारा प्रवाह. सात नंबरवर आळसाने बसून राहिलेल्यांना २०२४ पर्यंत अभय होते. वेळेवर हलले तेच फसले. या अनुभवाने आमच्या धंद्यातल्या लोकांना एक चुकीचा धडा शिकवला, की थांबून राहणे शहाणपणाचे असते.

चुकीचा का, ते दोनच महिन्यांत दिसले. २६ जानेवारी २०२१ ला सुडो या प्रोग्रॅममधले एक भोक जाहीर झाले. साध्या युजरला त्यातून सर्व्हरचा मालक होता येत होते. हे भोक २०११ पासून तिथेच होते. सेंटओएस ६ मध्येही ते होते. रेड हॅटच्या सहाव्या आवृत्तीला वाढीव सपोर्टचे पैसे भरणाऱ्यांना पॅच, म्हणजे दुरुस्ती, मिळाला, सेंटओएस ६ वाल्यांना मिळाला नाही. ज्या सर्व्हरवर शंभर ग्राहकांची शंभर खाती असतात तिथे एका खात्याचा पासवर्ड फुटला की उरलेली नव्व्याण्णव धोक्यात, इतके ते सरळ होते.

२०२० च्या घोषणेनंतर दोन नवे वारस उभे राहिले. सेंटओएसच्या सुरुवातीच्या दिवसांतले ग्रेगरी कर्टझर यांनी रॉकी लिनक्स सुरू केले. नाव दिले ते सेंटओएसचे दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅकगॉ यांच्या स्मरणार्थ. दुसरे आल्मालिनक्स. स्पॅनिशमध्ये आल्मा म्हणजे आत्मा. त्याच्यामागे क्लाउडलिनक्स ही होस्टिंगवाल्यांसाठीच काम करणारी कंपनी होती. तिने वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि कारभार वेगळ्या संस्थेकडे सोपवला. आल्मा मार्च २०२१ मध्ये आले, रॉकी जूनमध्ये. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स जाहीरपणे फक्त स्ट्रीममधूनच देण्याचे ठरवले, तेव्हा आल्माने हुबेहूब नक्कल करणे सोडून फक्त सुसंगत राहण्याचा मार्ग धरला. रॉकीने दुसरे मार्ग शोधले. दोन्ही टिकली आहेत.

मग लोक २०२४ पर्यंत हलले का नाहीत? आधीच्या फसगतीची धास्ती हे एक कारण. दुसरे कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या वर रचलेल्या उतरंडीत आहे. सेंटओएस ७ सोबत पीएचपी ५.४ यायचे, पीएचपी म्हणजे साइटचे प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. त्या काळात लिहिलेल्या साइट डेटाबेसशी बोलायला जी जुनी फंक्शन वापरत, ती पीएचपी ७ मधून २०१५ साली काढून टाकली गेली. साइट बनवणारा मुलगा तेव्हाच पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेलेला. सर्व्हर हलवायचा तर त्याचा कोड कोणीतरी उघडायला हवा, त्याचे पैसे कोणी द्यायचे हे ठरायला हवे. त्यात २०१९ मध्ये सीपॅनेलने आपला दर सर्व्हरवर न लावता खात्यांच्या संख्येवर लावला आणि छोट्या होस्टिंगवाल्यांचे हिशेब आधीच ताणले गेले होते. आवृत्ती ११० नंतर सीपॅनेलनेही सेंटओएस ७ सोडले. आल्माच्या एलिव्हेट प्रकल्पाने जागच्या जागी ७ वरून ८ वर नेण्याची सोय केली आहे आणि ती अनेकांना लाभलीही. तरी भरलेल्या होस्टिंग सर्व्हरवर मी ती वाट धरत नाही. मध्येच अडकले तर सगळ्यांच्या साइट एकदम जातात. शेजारी नवा सर्व्हर उभा करून एकेक खाते हलवणे लांबचे असले तरी परतीचा रस्ता उघडा राहतो.

आम्ही तेच केले. साइटचा नवा पत्ता सगळीकडे लवकर पोचावा म्हणून दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणला आणि जूनमधल्या एका रविवारी रात्री नव्या सर्व्हरवर, आल्मालिनक्स ९ वर, खाती न्यायला घेतली. इतवारीच्या दुकानाची साइट उघडली आणि 'साडी' या शब्दाच्या जागी बारा अनोळखी चिन्हे दिसली, शेवटचे चिन्ह युरोचे.

यामागचे कारण मराठी साइट सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे. युनिकोड ही जगातल्या सगळ्या लिप्यांची यादी, आणि यूटीएफ-८ ही ती बाइटमध्ये लिहायची पद्धत. 'साडी' मध्ये युनिकोडच्या हिशेबाने चार घटक आहेत, स, काना, ड आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण बारा. साइटचा मजकूर ठेवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत काही वेगळे सांगितले नाही तर तक्ता लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय अक्षरांच्या पद्धतीत बनायचा, आणि लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर. जुनी साइट ते बाइट जसेच्या तसे ठेवायची आणि तसेच परत द्यायची, म्हणून पंधरा वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. डेटा बाहेर काढताना मात्र डेटाबेसने प्रामाणिकपणे त्या बारा युरोपीय अक्षरांचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर केले. वेलांटीचा शेवटचा बाइट मायएसक्यूएलच्या या लॅटिन-१ मध्ये युरोचे चिन्ह असतो, म्हणून मराठीतल्या दीर्घ वेलांटीचा शब्द असा बिघडला की टोकाला युरो दिसतो. उपाय अवघड नाही. डंप, म्हणजे डेटाबेसची फाइल, काढताना कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ सांगायचा, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात, आणि मग त्या फाइलमधली घोषणा बदलून यूटीएफ-८ एमबी-४ करायची. पहाटे साडेतीनला 'पैठणी' पुन्हा पैठणी दिसली, तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही.

जुलैमध्ये दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. अपडेट कुठून घ्यायचे ते सांगणारा सेंटओएसचा मिररलिस्टचा पत्ता बंद झाला आणि न हललेल्या सर्व्हरवर यम ही अपडेट आणणारी कमांड 'होस्ट सापडत नाही' असे सांगून थांबू लागली. बऱ्याच जणांनी फाइलमध्ये व्हॉल्टचा पत्ता टाकला, यम पुन्हा चालू लागले, आणि प्रश्न सुटला असे त्यांनी धरले. व्हॉल्ट हे जुन्या पॅकेजचे गोदाम आहे. तिथून जुना माल मिळतो, नवा पॅच एकही येत नाही. 'अपडेट करायला काहीच नाही' हा संदेश पूर्वी दिलासा देणारा होता, आता त्याचा अर्थ उलटा झाला आहे.

दुसरी गोष्ट १ जुलैचीच. त्या दिवशी दुरून सर्व्हरमध्ये शिरायला वापरतात त्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधले रिग्रेशन नावाने गाजलेले भोक जाहीर झाले. ते ८.५ ते ९.७ या आवृत्त्यांत होते. सेंटओएस ७ वरची ७.४ आवृत्ती त्यातून सुटली आणि आमचा नवा कोरा आल्मा ९ त्यात सापडला. ओळखीच्या एका होस्टिंगवाल्याने फोन करून म्हटले, पहा, जुने ते सोने. मला त्याचे म्हणणे पटले नाही. आमच्या सर्व्हरसाठी पॅच लगेच आला आणि लागलाही. त्याच्या सर्व्हरला त्या दिवशी पॅचची गरज पडली नाही, एवढेच. गरज पडली असती तर देणारे कोणी नव्हते.

कायद्याची बाजूही मधल्या काळात बदलली आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, १८० दिवस जपायचे, हे डेटा सेंटर आणि व्हीपीएस (आभासी सर्व्हर) देणाऱ्यांनाही लागू आहे. सपोर्ट संपलेला सर्व्हर फुटला आणि त्याचे लॉगही गेले, तर आपण काय कळवणार?

आता आम्ही वार्षिक बिलावर डोमेनच्या तारखेखाली आणखी एक ओळ छापतो, सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट संपण्याच्या तारखेची. इतवारीच्या बिलावर तिथे ३१ मे २०३२ आहे. मालकांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारले, "हे काय हाय जी?" या वेळी मी दुकानात बसून, चहा घेत, त्यांना २००४ पासून सगळे सांगितले.