मशीन ऑपरेटर

मशीन ऑपरेटर म्हणजे कारखान्यात मशीन चालवून त्यातून ठरलेल्या मापाचा माल काढणारा कामगार. व्याख्या एवढीच, पण साकीनाक्याच्या किंवा भांडुपच्या एखाद्या गाळ्यात ज्याने महिनाभर जरी काढला असेल त्याला माहीत असतं की बटण कोणीही दाबतं, मशीन चालू होतंच, खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. माल मापात येतोय का, टूल (कापणारं हत्यार) संपत आलंय का, आवाज बदललाय का, आणि बदलला असेल तर मशीन थांबवायचं की हा जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला नग, होऊ द्यायचा, हे ठरवायला तिथे दुसरं कोणी नसतं. लोक सरसकट ‘बटण दाबणारा’ म्हणून मोकळे होतात ते चूक आहे, आणि ही नोंद लिहिताना ते मनात आहेच.

लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग, पॉवर प्रेस, प्लास्टिकचं मोल्डिंग, पॅकिंगची लाइन, हे सगळं चालवणारे ऑपरेटरच. सीएनसी आणि व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आल्यापासून कामाची वाटणी थोडी बदलली. प्रोग्रॅम बनवणारा वेगळा, मशीनवर जॉब आणि टूल लावून पहिला पीस काढून देणारा सेटर वेगळा, आणि पुढचे पाचशे पीस त्याच मापात काढणारा ऑपरेटर. मोठ्या कंपनीत अशी वाटणी असते. गाळ्यात तीनही कामं बऱ्याचदा एकाच माणसाच्या अंगावर असतात आणि पगार मात्र ऑपरेटरचा.

मुंबईत हे काम गिरणीपासून सुरू झालं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला शहरातली पहिली सूतगिरणी चालू झाली, मग लालबाग, परळ, वरळी, शिवडी असं सगळं गिरणगाव उभं राहिलं आणि कोकणातून, घाटावरून माणसं येऊन रिंग खात्यात, म्हणजे सूत काततात तिथे, सायडर नाहीतर साचेखात्यात साचेवाले झाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. आठवड्याची रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये मिळाली, त्याआधी मशीनला सुट्टी नाही म्हणून माणसालाही नाही असाच हिशोब होता.

मशीनवर कोणाला उभं करायचं हा प्रश्न तेव्हाही साधा नव्हता. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण काय तर धोट्यातली सुताची कांडी बदलताना, तुटलेलं सूत जोडताना धाग्याला तोंड लागतं, थुंकी लागते. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी हा मुद्दा लावून धरला होता. त्या संपामागचं एक कारण मात्र वेगळं होतं, एका माणसाने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे असं मालकांना हवं होतं. आज सीएनसीच्या शॉपमध्ये एका ऑपरेटरला समोरासमोरची दोन मशीनं देतात, एकाची सायकल चालू असताना दुसऱ्याचा जॉब बदलायचा, तेव्हा भांडण तेच आहे हे लक्षात येतं, फक्त मशीन बदललंय.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. दुसरीकडे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एलबीएस रोडच्या कडेने इंजिनीअरिंगचे कारखाने होते, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पद्मिनी गाडी बनायची, विक्रोळीला गोदरेज, तिकडे कांदिवलीला महिंद्र. इथल्या टर्नर, मिलर, ग्राइंडरची चाळीत वेगळी पत होती. प्रीमियरच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. काम संपलं नाही, सरकलं. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, इकडे रबाळे, तळोजा, अंबरनाथ. शहरात उरले ते गाळे, पाच-सहा मशीनं, एक पोटमाळा, त्यावर शेठचं ऑफिस.

आता प्रत्यक्ष काम. पहिली पाळी साधारण सातला लागते, म्हणजे दिवा किंवा कळव्याहून येणारा माणूस पाच-साडेपाचला घर सोडतो. आल्यावर आधी तेल बघायचं, कूलंट (कापताना टूल आणि जॉब थंड ठेवणारं पाणी-तेलाचं मिश्रण) बघायचं, हवेचं प्रेशर बघायचं. सोमवारी सकाळी शॉपमध्ये शिरल्या शिरल्या सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजायचं कूलंट खराब झालंय, रविवारभर टाकी हलली नाही, वर मशीनचं तेल तरंगत राहिलं, खाली हवा पोचली नाही आणि त्यात जंतू वाढले. असं कूलंट तसंच वापरलं तर हाताला खाज येते, पुरळ उठतं. वरचं तेल काढून टाकणं, पाणी आणि कूलंट ऑइलचं प्रमाण बरोबर ठेवणं हे ऑपरेटरचंच काम, आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

मग स्पिंडल, म्हणजे जॉब किंवा टूल फिरवणारा मशीनचा दांडा, दहा-पंधरा मिनिटं रिकामा फिरवायचा. नवीन पोराला वाटतं हा वेळ वाया चाललाय. पण थंड मशीनवर काढलेला पहिला पीस आणि तासाभराने काढलेला पीस यांच्या मापात फरक पडतो, कारण स्पिंडल तापून थोडा वाढतो. जेवणाच्या सुट्टीनंतरही तेच, म्हणून जुना माणूस जेवून आल्यावरचा पहिला जॉब हमखास मोजतो. आणि जॉबसुद्धा तापतो. १०० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा शाफ्ट १० डिग्रीने तापला तर साधारण १२ मायक्रॉन वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ड्रॉइंगवर मापातली सूट १० मायक्रॉनची असेल आणि तुम्ही गरम शाफ्टला मायक्रोमीटर लावून ‘बरोबर आहे’ म्हणालात, तर थंड झाल्यावर तो कमी भरणार आणि भंगारात जाणार. म्हणूनच बाहेरचा व्यास थोडा वरच्या मापाला ठेव आणि आतला बोर खालच्या मापाला, असं पहिल्या आठवड्यात शिकवतात. जास्त असलेलं कापता येतं, गेलेलं परत लावता येत नाही.

पहिला पीस क्वालिटीवाल्याकडून पास करून घ्यायचा, मग चालू करायचं आणि दर पाच-दहा पीसनंतर एक मोजायचा. इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, झिजत जातो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो, तो ऑफसेट (मापातल्या दुरुस्तीचा आकडा) टाकून परत जागेवर आणायचा. इथे चुकीला जागा फार असते. मी शिकाऊ असताना ०.०२ मायनस टाकायचं तिथे ०.२ टाकलं होतं, मशीनने मुकाट्याने ऐकलं, तीन शाफ्ट बारीक झाले तेव्हा सेटरच्या लक्षात आलं. ओरडला नाही, फक्त म्हणाला की आकडा टाकल्यावर एंटर दाबायच्या आधी मोठ्याने वाच. मी अजून वाचतो.

कान आणि डोळे मीटरच्या आधी सांगतात. टूल नीट कापत असेल तर आवाज एकसारखा येतो, धार गेली की तो जड होतो, पकड सैल असेल किंवा टूल फार बाहेर काढलं असेल तर किरकिर येते आणि जॉबवर लाटा उमटतात. चिप्सचा रंग बघायचा, हायस्पीड स्टीलच्या टूलने स्टील कापताना चिप निळी यायला लागली तर स्पीड जास्त झालाय, कार्बाइडच्या टूलला मात्र निळी चिप चालते. कास्ट आयर्नचा भुगाच होतो. स्टीलची लांब गुंडाळी सुटली तर ती सगळ्यात वाईट, चकला (जॉब पकडून फिरवणारा भाग) अडकून चाबकासारखी फिरते, ती हाताने कधीच ओढायची नाही, मशीन थांबवून लोखंडी आकड्याने काढायची.

अपघात बहुतेक अशाच साध्या गोष्टींतून होतात. लेथवर आणि ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, हे बाहेरच्या माणसाला उलटं वाटतं, पण फिरत्या जॉबने मोज्याचा एक धागा पकडला तर अख्खा हात आत जातो. ढगळ बाह्या, गळ्यातली साखळी, मनगटाचा दोरा, अंगठी, सगळं काढून ठेवायचं. चकची चावी चकमध्येच विसरून मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते. १९४८च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये फिरत्या भागांना गार्ड लावायची सक्ती केली, चालू मशीनजवळ काम करणारा खास शिकवलेला आणि घट्ट कपड्यातला असावा आणि ते कपडे मालकाने द्यावेत असंही लिहिलं. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये अशी सोय असते, म्हणजे हात माल दाबून आकार देणाऱ्या डायखाली राहूच शकत नाहीत. पण माल नगावर मोजला जातो तिथे एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं मी पाहिलंय, आणि तिथेच बोटं जातात. याला कामगाराचा हलगर्जीपणा म्हणणं मला पटत नाही, नग वाढवायला सांगणाराही त्यात आहे.

शिकायचे रस्ते दोन. एक आयटीआयचा, टर्नर, मशीनिस्ट, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, मग १९६१च्या कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिसशिप. दुसरा गाळ्याचा, हेल्पर म्हणून लागायचं, चिप्स उचलायच्या, मशीन पुसायचं, उस्तादच्या मागे उभं राहून बघायचं आणि एक दिवस तो चहाला गेला की हात लावायचा. दुसऱ्या रस्त्याने आलेल्यांचा हात कधीकधी जास्त चांगला असतो पण सर्टिफिकेट नसल्याने ते कॉन्ट्रॅक्टवरच राहतात, परमनंट होणं आता तसंही दुर्मिळ झालंय. ठरलेल्या तासांवरच्या ओव्हरटाइमला दुप्पट दर असं त्याच फॅक्टरी अॅक्टमध्ये लिहिलं, गाळ्यात मात्र ‘ओटी’ बऱ्याच ठिकाणी सिंगलच मिळतो.

दसऱ्याला मशीनं धुऊन पुसून झेंडूचे हार घालतात, चकवर कुंकू लावतात, नारळ फुटतो, त्या दिवशी कोणी स्पिंडल फिरवत नाही. उत्तरेकडचे कामगार जास्त असतील तिथे १७ सप्टेंबरच्या सुमाराला विश्वकर्मा पूजा होते.

पाळी बदलताना वहीत नग, रिजेक्शन आणि मशीन किती वेळ बंद होतं ते लिहितात. महत्त्वाचं मात्र वहीत नसतं, ते रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्यावर तोंडीच सांगितलं जातं, हात पुसता पुसता, की दोन नंबरचं टूल आत्ताच बदललंय, पहिले पाच पीस सगळे मोज, आणि चक थोडा आवाज करतोय, त्याच्याकडे कान ठेव.