कातडीखाली किती खोल?

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत हाताला कात्री लागणं, पायात काडी घुसणं नेहमीचंच. हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि पुढची ओळ धरायची. बहुतेक जखमा भरून येतात. एखादी मात्र चिघळते. पाय लाल होतो, सुजतो, ठणकायला लागतो. मग नाशिकला आणल्यावर घरचे विचारतात, सीटी स्कॅन करायचा का?

बऱ्याचदा गरज नसते. साधा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा आणि तिच्या लगतच्या थराचा जंतुसंसर्ग, डॉक्टर बघून आणि हात लावूनच ओळखतात. लालीची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिहितात, म्हणजे ती किती सरकली ते कळतं. वरवरचं गळू असेल तर सोनोग्राफी पुरते. संसर्ग किती खोल गेलाय याचा बाहेरून अंदाज येईना, की सीटी कामाला येतो.

कुठली ऊती क्ष-किरण किती अडवते, हे सीटी आकड्यांत मोजतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००. ज्यांच्या नावाची ही मोजपट्टी, त्या गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं. निरोगी चरबी स्कॅनमध्ये एकसारखी गडद दिसते. सूज आली की तिच्यात करड्या रेघा उमटतात. शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) दिलं की गळवाची कड उजळते, आतला पू तसाच राहतो, आणि चीर कुठे द्यायची ते सर्जनला नेमकं कळतं. कॉन्ट्रास्टआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी तपासणी) बघतात, कारण मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर जपावं लागतं.

खरी भीती नेक्रोटायझिंग फॅसायटिसची. यात जंतू स्नायूंवरच्या आवरणालगत तासातासाने पसरतात. सुरुवातीला कातडी फारशी बिघडलेली दिसत नाही, पण वेदना मात्र असह्य असते. मधुमेह असलेल्यांना याचा धोका जास्त, म्हणून ‘एवढ्याशा जखमेला काय होतंय’ हे त्यांच्या बाबतीत ऐकूच नये असं मला वाटतं. सीटीत आवरणालगत हवेचे काळे ठिपके दिसले तर निदान जवळपास पक्कं होतं. साध्या एक्स-रेत ते सहज निसटतात.

पण ठिपके दिसले नाहीत म्हणजे आजार नाही, असं मुळीच नाही. रक्तदाब घसरतोय, शुद्ध हरपत चाललीय आणि संशय दाट आहे, अशा वेळी सर्जन स्कॅनची वाट बघत नाहीत. थेट ऑपरेशन टेबलवर घेऊन आवरण उघडून बघतात आणि मेलेला भाग तिथेच काढून टाकतात.