ड्रॉप आर्म आणि बॉल जॉइंट: दोन्ही जाम, पण घण एकालाच

पावसाळा सरला की गळीत हंगामाआधी कोल्हापूर भागातले गाडीमालक आपापली टाटा ४०७ नाहीतर पिकअप दारात लावून कामं काढतात. चार महिने गगनबावड्याकडच्या पावसात आणि उसाच्या फडातल्या चिखलात फिरलेल्या गाडीखाली स्टिअरिंगचे जोड गंजून घट्ट बसलेले असतात. टाय रॉडचा एंड, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, बदलायचा म्हणून नट काढावा, तर पुढं काही हलत नाही. स्टिअरिंग बॉक्स गळतोय म्हणून सील बदलायला ड्रॉप आर्म काढायला घ्यावा, तर तोही तसाच. दोन्ही वेळा तोंडून एकच वाक्य निघतं: "जाम झालाय, घण आण."

घण आणण्याआधी दोन मिनिटं थांबा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. चाकाकडच्या बॉल जॉइंटला घाव चालतो. ड्रॉप आर्मला घातला तर आर्म कदाचित सुटेल, पण त्यापायी चांगला स्टिअरिंग बॉक्स खराब होईल.

घोटाळा का होतो, ते गाडीखाली वाकून पाहिलं की कळतं. चासीला बोल्ट केलेल्या स्टिअरिंग बॉक्समधून एक जाड शाफ्ट बाहेर येतो. त्यावर लटकलेला लोखंडी दांडा म्हणजे ड्रॉप आर्म. त्याला दोन डोळे असतात. वरच्या मोठ्या डोळ्यात आतून दाते असतात आणि ते शाफ्टच्या दात्यांवर बसतात. खालच्या छोट्या डोळ्यात दाते नसतात. तिथं ड्रॅग लिंकच्या, म्हणजे आर्मपासून चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या, बॉल जॉइंटचा निमुळता, गुळगुळीत दांडा बसतो. म्हणजे एकाच आर्मवर दोन वेगळ्या जातीच्या पकडी आहेत, आणि दोन्ही गंजल्या की बाहेरून सारख्याच दिसतात.

आधी बॉल जॉइंट. त्याचा दांडा टेपर, म्हणजे निमुळता, असतो. टेपर १:१० असेल तर १० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरनं कमी होतो. इतक्या कमी उताराचा दांडा नटानं ओढून बसवला की नट काढल्यावरही नुसत्या घर्षणानं डोळ्यात अडकून राहतो. त्यावर गंज चढला की विचारूच नका. पण या पकडीचा एक गुण आहे: ती केसभर जरी सरकली तरी पूर्ण सुटते.

म्हणून नटाला अडकवलेली स्प्लिट पिन काढा आणि खाचांचा कॅसल नट चार-पाच आटे सैल करून तसाच राहू द्या, म्हणजे जोड सुटला तरी खाली कोसळणार नाही. मग डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्यानं एक-दोन खणखणीत घाव घाला. घाव डोळ्याच्या कडेवर पडला पाहिजे, दांड्याच्या टोकावर नाही. डोळा क्षणभर दबून वाकडा होतो आणि तेवढ्यात टेपर सुटतो. टोकावर ठोकलं तर आटे फुलतात, नट निघत नाही, आणि जोड मात्र होता तिथंच राहतो. दोन दातांचा काटा मध्ये घालून ठोकायची पद्धतही आहे, पण तो जोडावरचं रबरी आवरण (बूट) हमखास फाडतो. एंड नवा टाकणार असाल तरच तो वापरा. नट फिरवताना दांडाही सोबत फिरायला लागला तर जोडाखाली जॅक लावून टेपर वर दाबा. पकड बसते आणि नट सुटतो.

मात्र ड्रॉप आर्मच्या खालच्या डोळ्यातला बॉल जॉइंट काढताना घणाचा मोह टाळा. पकड टेपरचीच आहे, पण तिथला प्रत्येक घाव आर्ममधून थेट बॉक्समध्ये जातो. तिथं बॉल जॉइंटचा छोटा पुलर, म्हणजे स्क्रू आवळून जोड ओढून काढायचं हत्यार, तेच लावा.

आता वरचा डोळा. बहुतेक गाड्यांत इथले दातेही थोडे निमुळते असतात, आणि मोठा नट आर्मला त्यांच्यावर घट्ट चढवतो. डोळा जाडजूड असल्यानं कडेला ठोकून तो दबत नाही. घाव जातो कुठं? शाफ्टमधून आत, त्याच्या आतल्या टोकाच्या सेक्टरच्या दात्यांवर आणि त्यांना फिरवणाऱ्या बॉल नटमधल्या गोळ्यांवर. गोळ्या ज्या खाचेतून फिरतात तिथं बारीक खड्डे पडतात. मग गाडी सरळ चालत असताना स्टिअरिंग एका जागी अडकल्यासारखं लागतं. ते कुठल्याही ॲडजस्टमेंटनं जात नाही, कारण खड्डा पोलादात पडलेला असतो. हे नुकसान दिसत नाही, म्हणूनच लोक ठोकत राहतात.

इथं काम पुलरचंच, तेही ड्रॉप आर्मच्या जाड, आखूड जबड्याच्या पुलरचं. बेअरिंगचा तीन पायांचा पुलर चालत नाही. आर्म आणि बॉक्स यांच्यात फट कमी असते, त्याचे पाय बसत नाहीत आणि बसले तरी निसटतात. दुकानात नुसतं "पुलर द्या" म्हणाल तर भलताच हातात पडेल, कामाचं नाव सांगून मागा.

मोठा नट ड्रॅग लिंक जोडलेली आणि चाकं जमिनीवर असतानाच सैल करा, म्हणजे आर्म फिरत नाही. त्याआधी लॉक वॉशरची दुमडलेली कड सरळ करायला विसरू नका. काही आर्मना चीर असून आडवा बोल्ट असतो. तो शाफ्टच्या खाचेतून जात असेल तर नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर सेंटर पंचनं समोरासमोर खूण करा. बसवताना एक दाता जरी चुकला तरी स्टिअरिंग वाकडं उभं राहतं आणि गाडी एका बाजूला कमी वळते.

नट दोन-तीन आट्यांवर ठेवून पुलर ताणा, गंज सोडवायचं तेल मारा आणि तसाच सोडा. रात्रभर ठेवला तरी हरकत नाही, सकाळी अजून थोडा ताणा. सुटताना बंदुकीसारखा आवाज येतो, म्हणून तोंड पुलरच्या समोर नको आणि डोळ्यांवर चष्मा हवा. तरीही नाही सुटला तर पाइप लावून पुलर मोडण्यापेक्षा बॉक्स आर्मसकट उतरवा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

गॅसची ज्योत मात्र दोन्हीकडे नको. स्टिअरिंगचे भाग उष्णता देऊन कणखर केलेले असतात. लाल होईपर्यंत तापवले की ती ताकद जाते, आणि जवळचं सील आणि बूटही जळतात. भरलेल्या ट्रॉलीएवढा ऊस घेऊन घाट उतरताना त्या आर्मवर काय येतं, याचा विचार करा.

बसवताना बॉल जॉइंटचा टेपर पुसून कोरडा ठेवा, ग्रीस लावू नका. नट सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर तो पुढं आवळून जुळवा, मागं सैल करून नाही, आणि पिन नवीच घाला. ड्रॉप आर्मचा लॉक वॉशरही नवा घ्या. टाय रॉडचा एंड बदलला असेल तर जुना किती आटे आत होता ते मोजून नवा तेवढाच घाला, आणि गाडी रस्त्यावर काढायच्या आधी टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची पुढच्या बाजूनं आत झुकलेली ठेवण, तपासून घ्या.