श्राव्यातीत ध्वनीचा वेग: आधी लांबी मोजली, मग वेळ

१८२६ साली कोलादों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवली आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवली. सुमारे साडेतेरा किलोमीटरवर उजेड दिसल्यापासून नाद ऐकू येईपर्यंत साधारण ९.४ सेकंद गेले. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. सरोवर मोठं होतं म्हणून हे साधलं. १० मिलिमीटर जाडीच्या पोलादात ध्वनी जाऊन परत यायला जेमतेम ३.४ मायक्रोसेकंद लागतात. एवढा वेळ मोजणार कशाने?

म्हणून सुरुवातीच्या अचूक उपकरणांनी वेळ टाळून तरंगलांबी धरली. क्युरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवलेल्या दाबविद्युत परिणामामुळे (स्फटिक दाबला की वीज, वीज दिली की स्फटिकाची हालचाल) क्वार्ट्झचा स्फटिक ठरावीक वारंवारतेने, अगदी श्राव्यातीत म्हणजे कानाला ऐकू न येण्याइतक्या उच्च वारंवारतेनेही, थरथरवता येऊ लागला. १९२५ मध्ये जी. डब्ल्यू. पिअर्स यांनी अशा स्फटिकासमोर सरकता परावर्तक ठेवला. तो अर्धी तरंगलांबी सरकला की स्फटिकाच्या विद्युत मंडलातला प्रवाह बदलतो. तरंगलांबीला वारंवारतेने गुणलं की वेग मिळतो. २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ मेगाहर्ट्झला ही अर्धी लांबी ०.३७ मिलिमीटर भरते. एकेक न मोजता वीस-तीस टप्पे एकत्र मोजायचे, यातच या पद्धतीची खरी हुशारी आहे. द्रवांसाठी स्फटिक आणि परावर्तकाचं हे उपकरण, म्हणजे इंटरफेरोमीटर, मला आजही सर्वांत देखणं वाटतं.

घन पदार्थात मात्र परावर्तक सरकवणार कुठे? तिथे स्पंदच, म्हणजे ध्वनीचा छोटा ठोका, पाठवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या महायुद्धातल्या रडारच्या कामातून पक्की झाली. पुढे 'सिंग-अराउंड' पद्धत आली: पोचलेला स्पंदच पुढचा स्पंद सोडतो, आणि या आवर्तनांची वारंवारता मोजली की प्रवासाचा वेळ कळतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ग्रीनस्पॅन आणि चेग यांनी १९५७ मध्ये याच तत्त्वावरचं उपकरण मांडलं. साठच्या दशकात मॅकस्किमिन यांची स्पंद-अध्यारोपण (स्पंद एकमेकांवर आणण्याची) आणि पापाडाकिस यांची प्रतिध्वनी जुळवण्याची पद्धत रुजली. लागोपाठचे दोन प्रतिध्वनी पडद्यावर एकावर एक आणले की केबल आणि मंडलातला विलंब वजाबाकीत निघून जातो. अडचण उरते ती एका प्रतिध्वनीतल्या लाटेचं नेमकं कोणतं आवर्तन दुसऱ्यातल्या कोणत्यावर बसवायचं याची. एक आवर्तन चुकलं, तर बाकी सगळी काटेकोर मोजणी फुकट. शिवाय स्फटिक आणि नमुना यांमधला तेल-ग्रीजचा पातळ थरही लाटेची कला (फेज) बदलतो, त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते.

आता डिजिटल ऑसिलोस्कोप आणि संगणक प्रतिध्वनी जुळवून देतात, नॅनोसेकंदाचा हिशेब सोपा झाला आहे. पण नमुन्याच्या जाडीत ०.१ टक्का चूक असली, तर वेगातही तेवढीच येते. आणि २५ अंशांच्या आसपास पाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं, की वेग सेकंदाला सुमारे २.७ मीटरने वाढतो.