सांध्यांसाठी कोकम-जांभूळ मागवताय? आधी हे वाचा

गुडघे धरलेत, तुमच्याकडचं काय घेऊ, असा फोन रोज येतो. आणि पार्सल पोचल्यावर दुसरा: "आगळ खारट निघालं, बाटली बदलून द्या."

आगळ खारटच असतं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीला मीठ लावल्यावर सुटतो तो रस म्हणजे आगळ. मिठामुळेच तो वर्षभर टिकतो, टिकवायला आम्ही दुसरं काही घालत नाही. तो सोलकढीचा जिन्नस. साखर नाही म्हणजे औषधी असं धरून कुणी सरबतासारखा पाव पेला ओततं आणि दिवसभराचं मीठ एका घोटात पोटात जातं. रक्तदाब असेल त्यांनी तर हे करूच नये. सील फोडलेली बाटली आम्हाला पुन्हा विकता येत नाही, म्हणून ती बदलून मिळत नाही.

अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. युरिक ॲसिडमुळे सांधे सुजत असतील, तर गोड सरबताने दुखणं वाढायचीच शक्यता जास्त.

सांध्यांसाठी मागणाऱ्यांना आम्ही कोकमाची बिनमिठाची सुकी साल देतो. पाच-सहा साली धुऊन कपभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळून प्या. उकळू नका; सालीचा लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, उष्णतेने उतरतो. बरणी उजेडात ठेवली तरी तेच होतं.

दुसरा पर्याय गोठवलेला जांभळाचा गर, रोज अर्धी वाटी. पाकीट रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात काढून ठेवा, ओट्यावर नको. सुटलेला गर पुन्हा गोठवू नका; तो ठेवला की आंबतो. दोन दिवसांत संपवा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर तपासत राहा.

गुण किती येईल? गुडघ्याच्या संधिवातावर स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीचे छोटे प्रयोग झालेत, त्यांत दुखणं थोडं उतरलेलं दिसलं. पण तिथे वाळवलेल्या फळाची पूड रोज 40-50 ग्रॅम, तीन-चार महिने दिली होती. जांभूळ-कोकमात त्याच जातीचं रंगद्रव्य आहे, एवढंच आम्ही सांगतो. आठ दिवसांत फरक शोधू नका, आणि आमवाताची मेथोट्रेक्सेटसारखी गोळी आमच्या सालीच्या भरवशावर तर मुळीच थांबवू नका.

साल मे महिन्याच्या उन्हातच वाळते. पाऊस लागला की बुरशी धरते, म्हणून नंतर नवी करत नाही. वर्षाची हवी असेल तर एप्रिलमध्येच सांगून ठेवा. अर्ध्या किलोच्या पाकिटात एका माणसाचे दोन-तीन महिने निघतात.