भीतीची पाणीपातळी

जुलैत पाऊस लागून राहिला की सांगलीतली शाळकरी पोरेही कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते सांगतात. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. शाळेतल्या समुपदेशकाला ही मोजपट्टी आयतीच मिळालेली आहे. परीक्षेची, भांडणाची, ओरडा बसण्याची भीती तिच्यावर छान मोजता येते.

पाचवी ते आठवीच्या दहा-बारा मुलांचा गट, एक तासिका. प्रत्येकाला कार्डशीटची 25 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद पट्टी द्या. अर्धा सेंमी म्हणजे एक फूट. 20 सेंमीवर इशारा, 22.5 वर धोका. आता त्या त्या पातळीला शरीरात काय होते ते मुलांनी लिहायचे: घसा कोरडा, तळहात ओले, पोटात गोळा, प्रश्न दिसतो पण वाचला जात नाही. खरे काम 30 ते 40 फुटांच्या पट्ट्यात आहे. तिथली लक्षणे मुलाला ओळखता आली पाहिजेत, कारण 45 च्या वर अ‍ॅड्रेनलिन चढलेले असते, विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मागे पडतो आणि ‘घाबरू नकोस’ हे कानात शिरतच नाही.

मग श्वास. चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास, तीन मिनिटे. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके मंदावतात. लहान वयात हा फरक चांगला जाणवतो, म्हणून मनगटावर नाडी धरायला लावा. बोटाखाली पटले की वेगळे पटवावे लागत नाही. इथे हमखास चूक होते ती ‘खोल श्वास घ्या’ म्हणण्याची. मुले छाती फुगवून भराभर ओढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. ‘खोल’ नको, ‘हळू’ म्हणा. डोळे मिटायची सक्तीही नको.

पट्ट्या भिंतीवर लावू नयेत, वर्गात सगळ्यांसमोर ‘आज किती फूट?’ विचारू नये. शून्याचा आग्रह तर मुळीच नको. नदीला पाणी हवेच.

2019 किंवा 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्या मुलांना साधी 0 ते 10 ची पट्टी द्या. पुराची हकीकत खोदून विचारू नका. आपत्तीनंतर एकाच बैठकीत सगळे बोलायला लावल्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे अभ्यास सांगतात.

‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन कधी देऊ नये. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने, 2012 पासून, बंधनकारक आहे. मूल जगण्याला कंटाळल्याचे बोलले तर पट्टी बाजूला ठेवा, त्याला एकटे सोडू नका, पालकांना बोलवा. मदतीचे फोन: मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416, मुलांसाठी चाइल्डलाइन 1098.

हा तास जूनअखेर घ्या आणि सहामाहीच्या आधी पुन्हा एकदा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा शिकवलेला श्वास लागू पडत नाही.